दाराचा आवाज

ज्याच्या नावावर आजवर एक स्कूटर आणि दोन सायकली यांपलीकडे कोणतेही वाहन चढले नाही, अशा कारकुनाने मर्सिडीज-बेंझ मोटारीवर लेख लिहावा, हे वाचकांना थोडे धारिष्ट्याचे वाटेल. मलाही तसेच वाटते. परंतु ह्या मोटारीशी माझा संबंध तीस वर्षांचा आहे, आणि त्यातील एक प्रहर सोडला तर तो सर्व संबंध तिच्या दाराबाहेरचा आहे. दाराबाहेर उभे राहण्याची सवय सरकारी नोकरीत लागतेच. माझ्या घरी ती त्याआधीच लागली होती.

बदलीवर मी भिलाईला आलो त्याला आता तीन वर्षे झाली. आमच्या कार्यालयाच्या वाट्याला पोलाद कारखान्याच्या नगरीतील काही क्वार्टरे आलेली आहेत. त्यांतले सेक्टर १० मधील एक मला मिळाले. आपल्यापैकी ज्यांनी भिलाई पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, की हे गाव वाढत वाढत झालेले नव्हे. ते नकाशावर आधी आखले आणि मग बांधले. १९५५ साली सोव्हिएट संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने राउरकेला आणि इंग्रजांच्या साहाय्याने दुर्गापूर असे आणखी दोन कारखाने उभे राहत होते. तीन देशांनी आपल्याला पोलाद करायला शिकविले. त्यांतले रशियन गुरुजी आमच्या वाट्याला आले. पुढे देशभर पसरलेल्या रेल्वेच्या रुळांवर भिलाईचे नाव कोरले गेले. पुण्याहून येताना ज्या रुळांवरून माझी गाडी धावली, त्यांतले कितीतरी इथेच जन्मले असतील, ह्या विचाराने नव्या गावी पहिल्या दिवशी जरा धीर आला होता.

सेक्टर १० हा त्या मानाने निवांत भाग. रस्ते रुंद, झाडे जुनी, घरांपुढे जागा मोकळी. शेजारी तेलुगू, समोर बंगाली, कोपऱ्यावर मल्याळी, आणि सर्वांची मिळून एक हिंदी, जी कोणाचीच नव्हे. अशा ठिकाणी रविवारच्या सकाळी चहाचा पेला घेऊन ओसरीवर बसावे, तर तास तास काही ऐकू येत नाही.

अशाच एका रविवारी मला तो आवाज ऐकू आला.

मोटारीचे दार लागल्याचा आवाज होता. पत्र्यावर पत्रा आपटतो तसा तो नव्हता. गोधडीत गुंडाळलेल्या पेटीचे झाकण पडावे तसा भरीव, दबका, एकदाच होणारा आणि मागे थरथर न ठेवणारा. मी पेला खाली ठेवला. तो आवाज मी पूर्वी प्रत्यक्ष फार तर दोनचार वेळा ऐकला असेन. पण अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो तोंडाने काढून दाखविलेला मी शेकडो वेळा ऐकला होता.

आवाजाच्या मागाने गेलो तो दोन घरे सोडून एका पत्र्याच्या शेडखाली ती मोटार उभी होती. काळपट निळा रंग, वरचा थर उन्हाने उडालेला. काटकोनी अंग, मागच्या बाजूला किंचित निमुळते होत गेलेले. पुढच्या काचेवर वायपर एकच. बॉनेटवरचा तीन टोकांचा तारा कोणीतरी केव्हाच काढून नेलेला, त्याच्या जागी नुसते भोक. मागे अक्षरे मात्र शाबूत होती : ई २२०. शेजारी उभे असलेले वृद्ध गृहस्थ सेक्टर ९ च्या मोठ्या रुग्णालयातून निवृत्त झालेले डॉक्टर होते. रायपूरच्या एका व्यापाऱ्याकडून त्यांनी ती पुष्कळ वर्षांपूर्वी जुनी म्हणूनच विकत घेतली होती. आता ते दर रविवारी ती सुरू करीत, दहा मिनिटे आत बसत आणि पुन्हा बंद करून घरात जात.

"आप गाड़ियों के शौकीन हैं?" त्यांनी विचारले.

मी म्हणालो, नाही. पण माझ्या वडिलांनी ह्या गाड्यांची दारे लावली आहेत.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. जर्मनीचा तो तारा आपल्या देशात प्रथम आला तो श्रीमंतांच्या मोटारीवर बसून नव्हे, तर मालट्रकावर बसून. १९५४ साली टेल्को आणि डायम्लर-बेंझ यांच्यात पंधरा वर्षांचा करार झाला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. १९६९ साली करार संपला, तारा गेला आणि त्याच्या जागी टाटांचे 'टी' हे अक्षर आले. पुढे पंचवीस वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच दोघांनी मिळून मोटारींसाठी नवी कंपनी काढली, आणि १९९५ साली पुण्याजवळ पिंपरीला, टेल्कोच्याच आवारात, भारतात जोडलेली पहिली मर्सिडीज मोटार बाहेर पडली. सुटे भाग जर्मनीहून यायचे आणि जोडणी इथे व्हायची. ती मोटार म्हणजे कारखान्याच्या भाषेत डब्ल्यू १२४. अण्णा सातारा जिल्ह्यातले, आय. टी. आय. करून पिंपरीला चिकटलेले. त्या नव्या शेडमध्ये ज्यांना घेतले त्यांत ते होते, आणि त्यांच्याकडे काम आले दारांचे.

ह्या डब्ल्यू १२४ ची हकीकत बदलीवर असलेल्या माणसाने ऐकण्यासारखी आहे. जर्मनीत ती १९८४ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली. वाऱ्याला कमीत कमी विरोध व्हावा म्हणून तिचे अंग इतके तासले होते, की त्या काळच्या चौकोनी मोटारींत तिचा ०.२९ च्या आसपासचा आकडा नवलाचा ठरला. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्यांनी असे धरले होते, की खड्ड्यात चाक वरखाली झाले तरी त्याची दिशा ढळू नये. तो एकटा वायपर नुसता अर्धवर्तुळात फिरत नसे. फिरता फिरता तो बाहेरही सरके आणि काचेचे कोपरे पुसून येई, त्यामुळे काचेचा शेकडा ८६ भाग स्वच्छ होत असे. एका माणसाकडून दोघांचे काम करून घेण्याची ही कला आमच्या कार्यालयातही अवगत आहे. १९९३ साली तिच्या नावातील 'ई' हे अक्षर आकड्याच्या मागून काढून पुढे आणले, आणि २२० ई ची ई २२० झाली. पदनाम बदलले, काम तेच राहिले. हेही आपल्या परिचयाचे.

आणि गंमत अशी, की ज्या १९९५ साली ती पिंपरीला जन्मू लागली, त्याच साली जर्मनीत तिची वारसदार मोटार येऊन दाखल झाली होती. म्हणजे निवृत्तीच्या वर्षी तिची बदली हिंदुस्थानात झाली! तिकडे हीच मोटार फिकट पिवळसर रंगात टॅक्सी म्हणून स्टेशनाबाहेर रांगेत उभी राहत असे. इकडे येताच ती कारखानदारांच्या आणि नटांच्या दारी गेली. परगावी गेल्यावर मान वाढतो म्हणतात, तो असा.

तिच्या रूपाची जबाबदारी ब्रूनो साको ह्या गृहस्थांकडे होती. जन्माने इटालियन, नोकरी जर्मनीत. म्हणजे तेही आपल्यासारखे घरापासून दूरच. १९७५ पासून १९९९ पर्यंत ते त्या कंपनीच्या रचना-विभागाचे प्रमुख होते. २०२४ साली ते वारले. नवी मोटार अशी असावी की तिच्यामुळे कालची मोटार एकाएकी जुनाट दिसू नये, असा त्यांचा आग्रह असे. हे मी पुढे कधीतरी वाचले, आणि मला नवल वाटले. कारण अण्णांना साकोंचे नावही ठाऊक नव्हते, पण दारांविषयी ते जे बोलत त्याचा अर्थ ह्याहून फारसा वेगळा नव्हता. "आज नीट लागतं त्याला काय अर्थ? ईस वर्षांनी लागलं पाहिजे," असे ते म्हणत.

१९९५ साली मी सहा वर्षांचा होतो. चिंचवडच्या आमच्या दोन खोल्यांत एकूण तीन दारे आणि एक लाकडी कपाट होते. त्या चारहींना अण्णांच्या नव्या कामाचा जाच सुरू झाला. कोणी दार आपटले की ते जेवणाच्या ताटावरून उठत. "दार आपटायचं नसतं, लावायचं असतं," हे वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकलो. दार आणि चौकट यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी; ती डोळ्यांनी बघायची नाही, बोटाच्या अग्राने बघायची; कारण डोळा माणसाच्या मनासारखे दाखवतो, बोट दाखवीत नाही. मग ते तोंडाने तो आवाज काढीत, आणि आई पदराआड हसे.

पाचवीत असताना एक प्रसंग घडला. आमच्या वर्गातल्या एका मुलाचे वडील एके दिवशी त्याला न्यायला आले ते अशाच मोटारीतून. सगळी मुले फाटकाशी गोळा झाली. मी छाती काढून म्हणालो, "ही गाडी माझ्या अण्णांनी बनवलीय." त्या मुलाने वडिलांना विचारले, वडिलांनी मला विचारले, आणि मी खरे ते सांगितले. ते गृहस्थ वाईट नव्हते. ते नुसते हसले आणि म्हणाले, "अच्छा, म्हणजे दारं लावतात." मुले मात्र पुढे वर्षभर मला 'दार लाव' म्हणत.

त्या संध्याकाळी अण्णा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आले, तेव्हा मी त्यांना विचारले, "तुम्ही नुसती दारंच लावता ना?" 'नुसती' ह्या शब्दावर मी जेवढा जोर देता येईल तेवढा दिला होता. ते काही बोलले नाहीत. त्यांनी डबा मोरीत ठेवला आणि हात धुवायला गेले. पण त्या रात्रीपासून पुष्कळ दिवस त्यांनी तो आवाज काढून दाखविला नाही.

हे सारे मी विसरून गेलो होतो असे म्हणणे खोटे होईल. विसरावे म्हणून मी पदवी घेतली, स्पर्धापरीक्षा दिली, केंद्र सरकारच्या नोकरीत शिरलो. तेथे मला कळून आले, की मीही दारेच लावतो. कोठून तरी सुटी कागदपत्रे येतात. ती मी क्रमाने लावतो, टिपणी लिहितो आणि वर पाठवितो. वर तिच्यावर सह्या होतात. ज्याच्या नावाने पत्र जाते त्याला मी ठाऊक नसतो, आणि ज्याला पत्र मिळते त्यालाही नसतो. फरक इतकाच, की माझी टिपणी वीस वर्षांनी नीट लागेल की नाही, ह्याचा विचार मी कधी केला नव्हता.

गेल्या दिवाळीच्या आधी डॉक्टरसाहेबांच्या मोटारीच्या नोंदणीची मुदत पुन्हा संपत आली. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी गाडी दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. मुलगा परदेशातून फोनवर सांगत होता, की आता पुरे. भंगारवाला येऊन गेला. त्याने मोटारीभोवती एक फेरी मारली आणि वजनावर भाव सांगितला : सुमारे १४०० किलो, त्यातून काच, रबर वजा. "चालीस साल मैंने लोगों का वजन किया," डॉक्टर मला म्हणाले, "लेकिन इस भाव से नहीं." शिवाय पुढच्या बाजूचे डावे दार खाली उतरले होते. ते उचलून धरल्याशिवाय लागत नसे, आणि लागले तरी खडखडत असे. इतर तीन दारांचा आवाज जसाच्या तसा होता. ह्या एकाचा गेला होता.

मी अण्णांना पत्र लिहावे तसा लांबलचक फोन केला. आई गेल्यापासून ते चिंचवडला एकटे राहतात, आणि भिलाईचे नाव काढले की गुडघ्याचे कारण सांगतात. मी मोटारीचे सांगितले. क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "वरची बिजागरी का खालची?" मी म्हणालो, मला काय कळणार. चार दिवसांनी ते आझाद हिंद एक्स्प्रेसने दुर्गला उतरले. हातात एक पिशवी कपड्यांची होती आणि एक पान्यांची.

दुसऱ्या सकाळी आम्ही शेडमध्ये गेलो. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांनी मोटारीकडे फारसे पाहिलेच नाही. चष्मा काढून खिशात ठेवला आणि उजव्या हाताची तर्जनी दाराच्या फटीतून वरून खाली, मग आडवी अशी फिरविली. दार उघडले, किंचित वर उचलून पाहिले, सोडले. मग डॉक्टरांकडे वळून आपल्या सातारी हिंदीत म्हणाले, "साहेब, इस दरवाजे पे वजन देके कोई उठता था क्या? रोज?"

डॉक्टर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मेरी पत्नी. उनके घुटने खराब थे."

त्यांना जाऊन सहा वर्षे झाली होती, हे मला ठाऊक होते, अण्णांना नव्हते. पण त्यांना काय समजायचे ते समजले. दारावरचा हात त्यांनी काढून घेतला आणि विचारले, "मग ऱ्हाऊ दे का तसंच?" हे मराठीतच विचारले, तरी डॉक्टरांना ते कळले. तेही आयुष्यभर दुखण्याची खूण बोटांनी शोधीत आलेले गृहस्थ. ते म्हणाले, "नहीं. ठीक कर दीजिए. उन्हें भी यह आवाज़ पसंद नहीं थी."

मग दीड तास अण्णांनी काम केले. दाराखाली जॅक, जॅकवर लाकडी ठोकळा, ठोकळ्यावर चौपदरी टॉवेल. बिजागरीचे बोल्ट ढिले केले, अगदी काढले नाहीत. जॅक एका वेळी केसभर चढवायचा, बोटाने फट पाहायची, पुन्हा केसभर. मला त्यांनी माझ्या कार्यालयाचे एक जुने पाकीट चौघडी करून फटीत धरायला सांगितले. वर ते अडकले आणि खाली सुटले, म्हणजे अजून चुकते आहे. शेवटी ते वरपासून खालपर्यंत सारख्याच नेटाने सरकले. बोल्ट आवळले, चौकटीवरची अडकण थोडी आत घेतली, बिजागऱ्यांना ग्रीस दिले. सरकारी पाकिटाचा इतका उपयोग झालेला मी प्रथमच पाहिला.

"लाव," अण्णा मला म्हणाले.

मी म्हणालो, तुम्हीच लावा. ते म्हणाले, "आपलं आपल्याला नीटच ऐकू येतं. तू लाव."

मी दार लावले. आवाज झाला. डॉक्टर घराच्या पायरीवर बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

नंतर आम्हा दोघांना फिरवून आणण्याचा त्यांनी हट्टच धरला. तोवर अण्णा ह्या मोटारीत कधी बसले नव्हते. कामापुरते आत वाकले असतील, तेवढेच. ते मागे बसायला निघाले, पण डॉक्टरांनी त्यांना पुढे, त्याच दाराने बसविले. सेक्टर ९ चे रुग्णालय, मग कारखान्याच्या दिशेने जाणारा रुंद रस्ता, तिथून मैत्रीबागेवरून परत. गतिरोधकावरून मोटार अशी गेली, की तो होता हे मागे वळून पाहिल्यावर कळले. मी मागच्या आसनावर एकटा, साहेबासारखा बसलो होतो, आणि मला फार अवघडल्यासारखे होत होते. पुढे दोन म्हातारे, एक तेलुगू हिंदीत आणि एक सातारी हिंदीत, गुडघ्यांच्या दुखण्याविषयी बोलत होते. अण्णांचा डावा हात सबंध वेळ दाराच्या आतल्या अस्तरावर पालथा ठेवलेला होता. उतरताना मात्र त्यांनी दारावर भार दिला नाही. गुडघ्यांवर हात टेकून ते कण्हत उठले.

ते परत निघाले त्याच्या आदल्या रात्री मी मनाचा हिय्या केला. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. मी म्हणालो, "अण्णा, पाचवीत असताना मी तुम्हाला एक वेडंवाकडं बोललो होतो. नुसती दारं लावता म्हणून."

मला वाटले होते, ते विसरले असतील, किंवा विसरलो म्हणतील. त्यांनी सुपारी कातरायची थांबविली नाही. म्हणाले, "दारंच लावीत होतो की. त्यात खोटं काय? एवढं तोंड पाडून बसलास, मला वाटलं नोकरीत काही घोळ केलास." आणि थोड्या वेळाने, "चार दारं असत्यात गाडीला. एक जरी खालवर झालं, तर आतला माणूस म्हणतो गाडी वाईट. त्याला दार लावणारा ठाऊक नसतो. म्हणून तर नीट लावायचं."

एवढेच. माझ्या सव्वीस वर्षांच्या ओझ्याचा निकाल त्यांनी सुपारीच्या एका खांडात लावला.

डॉक्टरांनी भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितले. मोटार परिवहन कार्यालयात नेऊन दाखविली, आणि नोंदणी वाढवून मिळाली. कागद मला दाखवीत ते म्हणाले, की पाच वर्षांची मुदत ह्या गाडीला मिळाली. मला लिहून देणारे कार्यालय कोणते, ते तुम्ही सरकारी माणूस म्हणून सांगा. मी हसलो. त्यांना उत्तर नकोच होते.

आता दर रविवारी सकाळी अण्णांचा फोन येतो. पूर्वी तो महिन्यातून एकदा येई. माझी प्रकृती, बढती, पुढची बदली यांविषयी ते काही विचारत नाहीत. "दार पुन्हा खाली आलं का?" एवढेच विचारतात. विचारल्यावर खोटे सांगावे लागू नये म्हणून मी फोन येण्याच्या आधी दोन घरे पलीकडे जातो, डॉक्टरसाहेबांना नमस्कार करतो आणि ते डावे दार एकदा उघडून लावून पाहतो.

नाही, म्हणून सांगतो. आले नाही.